रानमोडीला नैसर्गिक शत्रू मिळेल का? गॉर्सचा अनुभव आणि आमचे काजूचे भाट

म्हादईकाठ
३ ऑक्टोबर, रात्री ९.४०

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात डोंगराच्या उतारावर आमचे काजूचे भाट, म्हणजे बाग, आहे. आजोबांनी लावलेली झाडे आता म्हातारी झाली आहेत आणि मधल्या मोकळ्या जागांत रानमोडी हे झुडपी तण असे, की ती इतकी माजली आहे की, बेणणीचा खर्च काजूच्या उत्पन्नातून वजा केला तर हातात फारसे काही उरत नाही. दर वर्षी पाऊस सरला की चार माणसे कोयते घेऊन आठ-दहा दिवस तोडतात, मार्चपर्यंत बोंडू वेचायला जमीन मोकळी मिळते आणि जूनचा पाऊस लागला की प्रत्येक बुंध्यातून पाच-सहा नवे कोंब वर आलेले असतात. गेल्या वर्षी मी एक बुंधा मुद्दाम खणून काढला. मनगटाहून जाड असा तो गड्डा होता आणि त्यावर जुन्या तोडीच्या खुणा एकीवर एक चढलेल्या होत्या. ज्याला आम्ही इतकी वर्षे तोडणे म्हणत आलो, ती त्या झुडपाची छाटणीच होती, हे तेव्हा कळले.

गुरे तिला तोंड लावत नाहीत. उन्हाळ्यात तिचे वाळलेले दांडे सरपणासारखे पेटतात. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात वणवे लागले, तेव्हा आमच्या भाटाच्या वरच्या कडेला आम्ही तीन रात्री जागून काढल्या होत्या. तणनाशक फवारण्याची माझी तयारी नाही, कारण उताराच्या पायथ्याशी झर आहे आणि खालची तीन कुळागरे (सुपारीच्या बागा) त्याच पाण्यावर उभी आहेत.

न्यूझीलंडमध्ये गॉर्स नावाच्या काटेरी झुडपावर त्याच्या मूळ देशातले कीटक आणून सोडले गेले, असे अलीकडेच वाचनात आले. तिथे त्याचा खरोखर उपयोग झाला का, आणि रानमोडीच्या बाबतीत तसे काही आपल्याकडे करता येईल का, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, अशी विनंती आहे.

कुळागर
३ ऑक्टोबर, रात्री १०.५५

म्हादईबाब, प्रश्न महत्त्वाचा आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण आपल्या देशात २००८ मध्ये कोइम्बतूरला प्रथम दिसला आणि पुढे त्याने दक्षिणेत बागाच्या बागा संपवल्या. २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून त्याचा परोपजीवी कीटक आणून सोडला आणि ते संकट बऱ्याच अंशी आवरले. तेव्हा या पद्धतीवर माझा विश्वास आहे.

परंतु तिथे किडीवर कीड सोडली होती, आणि इथे आपण झाडे खाणारा कीटक बाहेरून आणण्याविषयी बोलत आहोत. रानमोडी सूर्यफुलाच्या कुळातली आहे. झेंडू आणि शेवंती त्याच कुळातली आहेत, आणि आमच्या गावात दसऱ्या-दिवाळीच्या फुलांवर वर्षाचा हातखर्च काढणारी घरे आहेत. रानमोडी खाऊन झाल्यावर हा पाहुणा शेवंतीच्या वाफ्यात उतरला, तर त्याला परत कोण पाठवणार?

दूरदेशी
४ ऑक्टोबर, सकाळी ६.१५

मी मूळची डिचोलीची असून गेली चौदा वर्षे न्यूझीलंडच्या कँटरबरी भागात राहते. गॉर्स मी रोज पाहते, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

हे झुडूप पश्चिम युरोपातले आहे. पिवळीधमक फुले, खोबऱ्याच्या तेलाची आठवण करून देणारा वास आणि पानांच्या जागी हिरवे काटे. वसाहतकऱ्यांनी ते मेंढरांसाठी कुंपण म्हणून आणले. १८३५ मध्ये चार्ल्स डार्विन वायमाते येथील मिशनच्या मळ्यावर गेला, तेव्हा तिथल्या उपयुक्त वनस्पतींमध्ये त्याने कुंपणाच्या गॉर्सचीही नोंद केली होती. इथल्या हवेत ते कुंपण सोडून टेकड्यांवर पसरले. त्याचे बी जमिनीत कित्येक दशके जिवंत राहते, त्यामुळे झुडूप उपटले तरी जमीन स्वच्छ झाली असे म्हणता येत नाही. आपल्या देशातही इंग्रजांनी ते निलगिरीच्या माथ्यावर नेले आणि उटीच्या परिसरात ते आजही आहे.

जैविक नियंत्रणाचा विचार इथे १९२० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. मात्र तेव्हा शेतकऱ्यांना कुंपण हवे होते आणि फैलाव नको होता, म्हणून झुडपाला हात न लावता फक्त बी खाणारा कीटक शोधण्यात आला. १९३१ मध्ये सोडलेला हा लहानसा राखाडी सोंडकिडा शेंगेत अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या आतले दाणे खातात. पुढची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. उन्हाळ्याच्या दुपारी गॉर्सजवळ उभे राहिले की शेंगा तडतड फुटण्याचा आवाज येतो, कारण बी दूर फेकण्याची त्याची तीच रीत आहे. पण सोंडकिड्याने धरलेली शेंग फुटली की दाण्यांऐवजी तयार झालेले किडेच बाहेर उडून पडतात. मी एकदा हातरुमाल पसरून बसले होते, तेव्हा त्यावर चार किडे आणि एकच दाणा पडला.

असे असूनही गॉर्स हटले नाही. सोंडकिडा वसंतातल्या शेंगांचा फडशा पाडतो, पण इथल्या बऱ्याच भागांत गॉर्स शरद ऋतूतही फुलते आणि त्या शेंगांच्या वेळी तो अंडी घालत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी १९९२ मध्ये शेंगा पोखरणारा एक पतंग आणला. त्याआधी १९८९ मध्ये झाडाचा रस शोषणारे बारीक कोळी (माइट) आणले होते. ते कोळी झुडपावर पांढऱ्या जाळ्याचे तंबूच उभारत असत आणि आतले कोंब करपून जात, त्यामुळे लोकांना फार आशा वाटली होती. थोड्याच वर्षांत कोळी खाणारे छोटे ढालकिडे आणि इतर शिकारी कोळी त्या तंबूंत शिरले, आणि आता ती जाळी काही दिवस दिसतात नि विरतात. टास्मानियात १९९८ मध्ये हेच कोळी सोडले, तेव्हाही त्यांच्यामागे शिकारी लागले.

कुळागरदादांच्या शंकेविषयीही सांगते. तो शेंगा पोखरणारा पतंग पुढे गॉर्सखेरीज बाहेरून आलेल्या इतर काही शेंगवर्गीय वनस्पतींवरही आढळला. कारण शोधताना असे लक्षात आले की सोडण्यापूर्वीच्या चाचण्या इंग्लंडमधल्या पतंगांवर झाल्या होत्या, आणि प्रत्यक्षात सोडलेल्यांत पोर्तुगालमधलेही पतंग होते. त्यातून मोठे नुकसान झाले नाही, परंतु ज्याची परीक्षा घेतली तोच जीव सोडला पाहिजे, हा धडा इथल्या शास्त्रज्ञांनी स्वतःच उघडपणे मांडला आहे.

प्रयोगवही
४ ऑक्टोबर, दुपारी ३.२०

दूरदेशीताईंनी फार नेमके लिहिले आहे. मी कृषिविद्यालयात कीटकशास्त्र शिकवत असे, त्यामुळे भारतातला अनुभव त्याला जोडतो.

कुळागरबाबांना वाटते ती भीती आपल्याकडे एकदा प्रत्यक्ष उभी राहिली होती. गाजरगवत १९५० च्या दशकाच्या मध्याला पुण्यात नोंदले गेले आणि पुढे देशभर पसरले. त्यावर १९८३ मध्ये मेक्सिकोहून भुंगेरा आणला आणि चाचण्यांनंतर १९८४ मध्ये बंगळूरला सोडला. काही वर्षांनी हाच भुंगेरा सूर्यफुलाच्या पानांवर दिसला आणि शेतकऱ्यांमध्ये मोठी खळबळ उडाली. सरकारने चौकशी समिती नेमली आणि भुंगेरे सोडण्याचे काम थांबवण्यात आले. अभ्यासातून निष्पन्न झाले ते असे की, शेताच्या बांधावर गाजरगवत फुललेले असताना त्याचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर साचत होते आणि त्या परागांमुळे भुंगेरा तिथे तोंड लावत होता. निव्वळ सूर्यफुलावर त्याची पिढी पुढे सरकत नव्हती. आज तो आपल्याकडे स्थिरावला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये फोंड्याच्या वाटेवर कुठे गाजरगवताचा ताटवा दिसला तर थांबून पाहा. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी वेलबुट्टी असलेले भुंगेरे, पानांखाली नारिंगी अंडी आणि शिरा तेवढ्या उरलेली पाने दिसतील. पाऊस संपला की तो जमिनीत शिरून निजतो, म्हणून थंडीत उगवणारे गाजरगवत त्याच्या तावडीतून सुटते. गॉर्सच्या सोंडकिड्याची आणि याची अडचण एकाच जातीची आहे.

याहून कठीण उदाहरण घाणेरीचे आहे. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियाहून डेहराडूनला एक जाळीदार पंखांचा ढेकूण आणला होता. तो सागाच्या फुलोऱ्यावरही खातो असे चाचणीत दिसताच तो संच नष्ट करण्याचा निर्णय झाला. तरीही पुढे तो ढेकूण बाहेर पसरलेला आढळला, आणि घाणेरी मात्र आजही जशीच्या तशी उभी आहे. म्हणून आता परदेशातून असा कोणताही जीव केंद्र सरकारच्या परवान्याशिवाय आणता येत नाही आणि बंदिस्त प्रयोगशाळेत जवळच्या कुळातल्या पिकांवर उपाशी ठेवून, अंडी घालायला लावून त्याची पारख होते.

यशाची उदाहरणेही तितकीच ठळक आहेत. १७९५ मध्ये रंगासाठी म्हणून भारतात आणलेला कोचिनील किडा भलत्याच जातीचा निघाला. रंग मिळाला नाही, पण त्याने एका जातीचा निवडुंग मैलोगणती साफ केला आणि दुसऱ्या जातीच्या निवडुंगाला स्पर्शही केला नाही. केरळातल्या कालव्यांत आणि भातखाचरांत साचलेली साल्व्हिनिया नावाची पाणनेची ब्राझीलमधल्या सोंडकिड्याने हटवली. तो किडा ऑस्ट्रेलियामार्गे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडे आला. त्यापूर्वीचे प्रयत्न अनेक देशांत फसले होते, कारण १९७२ पर्यंत त्या वनस्पतीची जातच चुकीची ओळखली जात होती आणि शत्रू भलत्याच जातीवरून आणले जात होते.

आता रानमोडी. ती मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली, एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातून पसरली असे मानले जाते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्रिनिदादहून पाने खाणारा एक पतंग आणून दक्षिणेत सोडला, पण तो टिकला नाही. १९८४ मध्ये श्रीलंकेतून पुन्हा आणलेला संच केरळ-कर्नाटकात काही भागांपुरता तगला. हाच पतंग ग्वाम बेटावर १९८५ मध्ये सोडल्यावर मात्र त्याने तिथली रानमोडी पिवळी पाडून टाकली.

आज अधिक भरवशाची मानली जाते ती गाठमाशी. ती कोलंबियाहून इंडोनेशियात नेली गेली, तिथे १९९५ मध्ये आणि पापुआ न्यू गिनीत २००१ मध्ये सोडली गेली, आणि इंडोनेशियाहून बंगळूरला आणून चाचण्यांनंतर २००५ मध्ये आपल्याकडे सोडण्यात आली. मादी कोवळ्या शेंड्यात अंडी घालते, अळीभोवती दांड्यावर लांबट गाठ तयार होते, झुडपाचा अन्नरस त्या गाठीत खर्च होतो आणि पुढची वाढ खुंटते. गाठीत एकाहून अधिक अळ्या असतात. कोषात जाण्यापूर्वी अळी गाठीची साल आतून कोरून पातळ खिडकी करून ठेवते, कारण माशीला जबडे नसतात आणि तिला ती खिडकी ढकलूनच बाहेर पडायचे असते.

म्हादईकाठ
४ ऑक्टोबर, रात्री ८.०५

आपण सर्वांनी दिलेल्या वेळेबद्दल मनापासून आभारी आहे. प्रयोगवही सर, वाचताना एक विचार मनात आला. गाठमाशीची अळी दांड्याच्या आत राहत असेल आणि आम्ही दर नोव्हेंबरला सगळे दांडे तोडून ढीग पेटवत असू, तर ती माशी शेजारच्या तालुक्यापर्यंत आली असली तरी आमच्या डोंगरावर तिची एक पिढीही पुरी होणार नाही, हे बरोबर आहे का? तसे असेल तर उताराचा काही भाग न तोडता राखून ठेवावा का?

कुळागर
४ ऑक्टोबर, रात्री ८.३०

मला हे पटत नाही. राखलेला पट्टा डिसेंबर-जानेवारीत फुलेल, आणि फेब्रुवारीत ते कापसासारखे बी वाऱ्यावर निघाले की तुमचे भाट, माझे कुळागर आणि मधला सगळा डोंगर नव्याने पेरला जाईल. न आलेल्या माशीसाठी आलेले बी कोणी सोडावे?

प्रयोगवही
५ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी योग्य आहे आणि क्रम लावला तर त्यांत विरोध राहत नाही. आधी माशी आहे की नाही ते पाहावे. पावसाळ्याच्या अखेरीस कोवळ्या फांद्यांवर शेंड्याच्या खाली बोटाच्या पेराएवढी फुगवटी दिसते का, ती चिरल्यावर आत पांढरट अळी मिळते का, हे तपासायला एक सकाळ पुरते. पाने नुसती आक्रसलेली दिसली तर तो बहुधा मावा असतो, त्याने झुडूप मरत नाही. गाठी नसतील तर पट्टा राखण्यात काहीही अर्थ नाही आणि सगळी तोड फुलोऱ्याच्या आधी, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापूर्वी उरकावी. गाठी सापडल्या तर मात्र तेवढी झुडपे फुलोरा खुडून उभी ठेवावीत आणि तोडलेल्या गाठी न जाळता सावलीत पसराव्यात, म्हणजे माशा निघून जातील.

स्वतःच्या गाडीतून दुसऱ्या राज्यातून गाठी आणून डोंगरावर टाकण्याचा मोह कोणालाही होईल, पण तो टाळावा. गाठींबरोबर त्या माशीचे परोपजीवीही येतात आणि मग दूरदेशीताईंच्या कोळ्यांसारखी गत होते. बंगळूरची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्था आणि जुन्या गोव्यातली किनारी कृषी संशोधन संस्था यांच्याकडे रीतसर अर्ज करणे हाच मार्ग आहे.

शेवंती
५ ऑक्टोबर, दुपारी १२.४०

मी केवळ एक निरीक्षण नोंदवते. आमच्या आजीच्या कुळागरात आणि त्याला लागून असलेल्या देवराईत रानमोडीचे एकही झुडूप नाही, आणि कुंपणाच्या पलीकडे उघड्या सड्यावर पाय ठेवायला जागा नाही. माती तीच, पाऊसही तोच. आजी म्हणत असे की हिला ऊन लागते. म्हादईदादा, तुमच्या जुन्या काजूंच्या दाट सावलीत ती किती आहे, हे एकदा पाहाल का?

दूरदेशी
५ ऑक्टोबर, दुपारी ४.००

शेवंतीताईंनी लिहिलेले वाचून मला आमच्याजवळचे हिनेवाई आठवले. बँक्स द्वीपकल्पावरच्या या टेकड्या गॉर्सने व्यापलेल्या होत्या. १९८७ पासून ह्यू विल्सन या वनस्पतीअभ्यासकाने तिथे वेगळाच मार्ग धरला. त्याने गॉर्स तोडले नाही, जाळले नाही, फक्त चरणारी जनावरे आणि आग बाहेर ठेवली. गॉर्सच्या आडोशाला स्थानिक झाडांची रोपे वाढली, काही वर्षांनी ती त्याच्या डोक्यावरून गेली आणि सावली पडताच गॉर्स खालून वाळत गेले. सुरुवातीला शेजारच्या शेतकऱ्यांचा त्याला कडवा विरोध होता. आता त्या टेकड्यांवर जंगल आहे आणि मी तिथून पायी फिरून आले आहे.

आग मात्र सगळे उलटे करते. गॉर्समध्ये तेलाचा अंश असतो, ते जळते आणि जळलेल्या जमिनीत त्याचेच बी सर्वांत आधी रुजते. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात बँडन नावाचे किनारी गाव सप्टेंबर १९३६ मध्ये जवळजवळ संपूर्ण जळाले, कारण घरांच्या अवतीभवती गॉर्स माजले होते. म्हणून ढीग पेटवण्याविषयी तुम्ही पुन्हा विचार करावा.

इथे एक फरकही ध्यानात ठेवावा. गॉर्सच्या सावलीत रोपे तग धरतात. रानमोडी मात्र इतकी दाट वाढते की कोवळ्या रोपाला ती झाकून टाकते. त्यामुळे तिथल्यासारखे नुसते सोडून देणे तुम्हाला जमेल असे वाटत नाही. रोपांभोवतीची जागा पहिली काही वर्षे हाताने मोकळी ठेवावीच लागेल.

म्हादईकाठ
१९ ऑक्टोबर, रात्री ९.१५

गेल्या दोन रविवारी मी आणि माझा पुतण्या सगळा उतार फिरलो. चाळीस झुडपांचे शेंडे तपासले. गाठ एकाही झुडपावर मिळाली नाही. सात ठिकाणी पाने आक्रसलेली होती आणि उलटून पाहिल्यावर त्यांखाली मावा व मुंग्या होत्या, अगदी सरांनी सांगितले तसे.

शेवंतीताईंच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला स्वतःला चकित करणारे होते. जिथे जुन्या काजूंच्या फांद्या एकमेकींना भिडल्या आहेत, तिथे रानमोडीचे दांडे बोटाहून बारीक, पाने विरळ आणि एका हाताने मुळासकट उपटून येतील अशी झुडपे आहेत. जिथे म्हातारे झाड पडून आभाळ उघडे झाले आहे, तिथेच तिचे रान आहे. अशा एकूण अकरा मोकळ्या जागा मोजल्या. चार माणसे आणि आठ-दहा दिवस खरे तर त्या अकरा जागांवरच खर्च होतात.

त्यामुळे या वर्षी पट्टा राखणार नाही. २८ ऑक्टोबरपासून तोड सुरू करत आहोत, म्हणजे फुलोऱ्याआधी उरकेल. अकरापैकी वरच्या चार जागांत नुसते तोडण्याऐवजी गड्डे खणून काढायचे ठरवले आहे. काम हळू होईल, पण त्या जागा पुन्हा फुटणार नाहीत. ढीग पेटवायचे नाहीत, उताराला आडवे रचून कुजू द्यायचे. जूनमध्ये त्या चार जागांत माट्टी, किंदळ, जांभूळ आणि कडेला भिरंडीची रोपे लावू, कारण काजूचे नवे कलम एकटेच लावले तर सावली पडायला फार वर्षे लागतात.

गाठमाशीसाठी संस्थेला पत्र लिहून ठेवले आहे. त्यात उताराचे क्षेत्र, तोडीच्या तारखा आणि तपासलेल्या झुडपांची संख्या दिली आहे. माशी मिळाली तर ती खालच्या सात जागांत सोडता येईल. तिथे आम्ही आग लावणार नाही, हेही त्या पत्रात लेखी दिले आहे.

कुळागर
१९ ऑक्टोबर, रात्री ९.५०

गड्डे खणायला माझ्याकडची दोन माणसे आणि पहार घेऊन ३० तारखेला येतो. झरीच्या वरच्या बाजूची जागा आधी घेऊ, कारण तिथले बी थेट माझ्याकडे उतरते. शेवंतीच्या वाफ्याची काळजी अजून आहे, पण चाचणी झालेलीच माशी येणार असेल तर अर्जावर माझीही सही घ्यावी.